वीज जाते तेव्हा मत्स्यपेटीत काय घडते

चवथ जवळ आली की म्हापशातील कितीतरी दारांवर कुलपे दिसू लागतात. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे की, आमच्याकडे गणेशचतुर्थीला चवथ म्हणतात आणि चवथीचा गणपती बहुधा मूळ घरी, वडिलोपार्जित वास्तूत पुजला जातो. नोकरीधंद्यासाठी म्हापशात फ्लॅट घेऊन राहिलेली पेडण्याची, डिचोलीची, सत्तरीची कुटुंबे त्या दिवसांत आपापल्या गावी जातात, ती कोणी दीड दिवसांनी, कोणी पाच दिवसांनी परततात. बाहेर भाद्रपदाचा पाऊस असतो. एखादी माडाची झावळी किंवा आंब्याची फांदी तारांवर टेकते, वीज जाते आणि काही वेळाने परत येते. घरात माणूसच नसल्यामुळे ती गेली कधी आणि आली कधी, याचा पत्ता कोणास लागत नाही. तो लागतो फक्त दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत राहणाऱ्या जिवांना.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात काही वर्षांपूर्वी असेच घडले. दोन फुटी पेटी, तीत नऊ गोल्डफिश. घरातल्या धाकट्या मुलीने ते वाढदिवसाच्या आणि बक्षिसाच्या पैशांतून एकेक करून जमविलेले होते. मंडळी चवथीला पेडण्याकडच्या गावी गेली आणि पाचव्या दिवशी परतली, तेव्हा पेटीवरचा दिवा लागलेला होता, पंप इमानाने बुडबुडे सोडीत होता आणि नऊपैकी आठ मासे पाण्यावर तरंगत होते. शेजाऱ्यांकडून कळले की, दुसऱ्या रात्री तीनेक तास वीज नव्हती. मुलीचे वडील आम्हांस म्हणाले, "सर, तीन तासांत मासे मरत असतील तर आमच्यासारख्यांनी ते पाळूच नयेत." मुलीचा प्रश्न निराळा होता. पाण्यातच राहणारा मासा गुदमरतो कसा, असे तिने विचारले. पेटीला कोणती बॅटरी जोडावी, हा वडिलांचा प्रश्न पुढे घेऊ. पण तो सुटतो तो मुलीच्या प्रश्नातून, म्हणून आधी तिचाच विचार करू.

मासा पाणी 'पितो' आणि त्यातून श्वास घेतो, असे आपण ढोबळपणे म्हणतो. वस्तुतः पाण्याच्या रेणूतील प्राणवायू त्याच्या काहीच कामाचा नसतो. हवेतून पाण्यात जो अल्पसा प्राणवायू विरघळतो, तेवढाच कल्ल्यांच्या वाटे त्याच्या रक्तात जातो. हा साठा किती अल्प, ते पाहण्यासारखे आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे आपण ज्या भांडारातून श्वास घेतो, त्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्यावर मासा जगतो. पाणी जितके ऊन, तितके हे माप आणखी कमी होते. २० अंशांच्या पाण्यात नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. आमच्या किनाऱ्यावर पेटीतले पाणी २० अंशांवर उतरणे कठीणच. उलट पाणी ऊन झाले की माशाच्या शरीराचा व्यवहार वेगाने चालतो आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. मिळकत घटली असतानाच खर्च वाढावा, अशातला हा प्रकार आहे.

आता त्या दोन फुटी पेटीचा हिशेब मांडू. लांबी दोन फूट, रुंदी आणि उंची एकेक फूट, म्हणजे तीत सुमारे ५० लिटर पाणी. गर्दीच्या पेटीत पाणी कधीच पूर्ण संपृक्त नसते, म्हणून लिटरमागे सहा मिलिग्रॅम प्राणवायू धरला तर एकूण साठा झाला ३०० मिलिग्रॅम. प्रमाण दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. म्हणजे वापरता येण्याजोगी शिल्लक २०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर राहिली. उबदार पाण्यातील मासा किलो वजनामागे तासाला काही शेकडो मिलिग्रॅम प्राणवायू घेतो. आपण ३०० धरू. ते नऊ गोल्डफिश चांगले पोसलेले, वजनदार होते. सोयीसाठी ३०० ग्रॅमच म्हणू. त्यांचा तासाचा खर्च झाला ९० मिलिग्रॅम. दोनशेची शिल्लक आणि नव्वदीचा खर्च! दोन-अडीच तासांत पेटीची थैली रिकामी. पाण्याच्या पृष्ठभागातून थोडा प्राणवायू आत येत असतो हे खरे, पण गाळणीतले आणि तळच्या गाळातले जिवाणू त्यात वाटा मागतात. रात्रीची वेळ असेल तर पेटीतल्या वनस्पतीही प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागतात.

त्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती आणि ती निव्वळ मायेपोटी घडली होती. पाच दिवस उपाशी राहतील म्हणून निघताना माशांना मूठभर जास्त खाद्य घातले गेले होते. निरोगी, वाढलेला मासा आठवडाभर अन्नावाचून सहज राहतो. न खाल्लेले खाद्य मात्र दुसऱ्या दिवशी कुजू लागते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. तेव्हा वीज गेली त्या रात्री पेटीत नऊ मासे आणि एक दहावा, न दिसणारा खादाड होता. विजेने केवळ निमित्त पुरविले. पेटी आधीच अशी भरलेली होती की पंप चालू असेतोवर जगावे आणि पंप थांबताच मरावे.

आम्हांस या विषयात जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, अल्पकाळ वीज गेली असता माशांना हवा असतो तो प्राणवायू, बाकी काही नव्हे. आणि त्याचा पहिला साठा बॅटरीत नसून पेटीत असतो. दुकानात गेले की याच्या उलट क्रमाने गोष्टी विकल्या जातात. प्रथम भरपूर मासे, मग त्यांना पुरेल असा पंप, मग पंपाला पुरेल अशी बॅटरी.

घरात मत्स्यपेटी ठेवण्याचा छंद मुळात विजेविना सुरू झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाण्यासाठी गोगलगायी, एवढाच त्याचा संसार. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ साली उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. तेव्हा त्या शहरातल्या घरांत विजेचा दिवाही नव्हता. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वॉरिंग्टनच्या यादीतला महत्त्वाचा आकडा 'दोन' हा आहे. नऊ नव्हे. लांब कशाला, आमच्या देवळांच्या तळ्या पाहाव्यात. पंप नाही, दिवा नाही, आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत, कारण पाण्याचे तोंड विस्तीर्ण आहे आणि वारा त्यावर लाटा उठवितो.

तेव्हा पेटी घेताना उंच घेण्यापेक्षा पसरट घ्यावी. तेवढ्याच पाण्याला हवेशी मिळणारे तोंड मोठे हवे. गोल काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत पाणी भरून त्यात एक गोल्डफिश सोडण्याची जी पद्धत आहे, तिचा आम्हांस मनापासून राग आहे. बरणी ठेवायचीच असेल तर पाणी तिच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच असावे, आणि गोल्डफिश तीत नसावाच. तो वाढणारा, खाणारा आणि पुष्कळ घाण करणारा मासा आहे. वारंवार वीज जाणाऱ्या गावी राहणाऱ्यांनी गोरामी किंवा फायटर पाळावा. यांच्या डोक्यात कल्ल्यांजवळ एक घडीदार अवयव असतो. त्यायोगे ते पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतात. आपले मरळ आणि मागूर याच गुणामुळे आटत्या डबक्यात तग धरतात. अर्थात ते शोभेच्या पेटीत ठेवण्याचे मासे नव्हेत. मरळ शेजाऱ्यांना गिळून टाकील. विहिरींत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतात ते गप्पीही काटक असतात. त्यांचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असल्याने पाण्याच्या अगदी वरच्या, हवेलगतच्या थरातून ते श्वास घेऊ शकतात. त्या नऊ गोल्डफिशपैकी जो एक वाचला, त्याच्या सोबतीला आज डझनभर गप्पी आहेत आणि आणखी गोल्डफिश आणावयाचा नाही, असे त्या मुलीनेच ठरविले आहे.

एवढी तयारी झाली की विजेच्या पर्यायाचा प्रश्न अगदी लहान होऊन जातो. पेटीवरचा दिवा तीन तास नसला तर माशांचे काही बिघडत नाही. मोठी गाळणी थांबली तरी तेवढ्या वेळात पाणी विषारी होत नाही. चालू राहावा लागतो तो फक्त हवेचा पंप, आणि घरगुती पंपाला दोन ते पाच वॅट वीज लागते. बुडबुड्यांतून थेट पाण्यात विरघळणारा प्राणवायू थोडाच. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात, पृष्ठभाग हलवितात, खालचे पाणी वर आणतात, आणि खरे काम त्यानेच होते. म्हणून फार जोराचा पंप नको. पृष्ठभाग हलता राहिला म्हणजे पुरे.

घरात इन्व्हर्टर असेल तर दुसरे काही विकत घेऊ नये. नेहमीची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्ट बॅटरी घेतली तर तीत कागदोपत्री १८०० वॅट-तास वीज असते. तीतील अर्धीच कामी येईल असे धरले तरी पाच वॅटचा पंप म्हणजे तिच्या दृष्टीने हत्तीच्या पाठीवरची मुंगी. छताचा जुना पंखा एकटाच पाऊणशे वॅट घेतो. अडचण असते ती इतकीच की, पेटीजवळचा सॉकेट पुष्कळदा इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो आणि हे वीज गेल्यावरच लक्षात येते. वायरमन बोलावून तेवढा एक सॉकेट त्या लाइनवर घ्यावा आणि त्यावर फक्त हवेचा पंप लावावा. पाणी तापविण्याचा हीटर त्यावर कदापि लावू नये. स्वस्त, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर पंप मोठ्याने गुणगुणतो आणि गरम होतो. आठवड्यातून तासभर असे झाले तर चालेल, रोज होत असेल तर नव्हे. गावी जाताना मुख्य स्विच बंद करून जाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी या एका सॉकेटची आठवण ठेवावी.

इन्व्हर्टर नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, सेलवर चालणारा पंप. याचा चांगला प्रकार असा की तो विजेच्या सॉकेटला जोडून ठेवतात. वीज असेतोवर तो गप्प असतो, ती जाताच आपोआप सुरू होतो. काहींत सेलऐवजी आतच बॅटरी असते आणि ती आपली आपण भरून राहते. घरी कोणी नसताना उपयोगी पडणारे साधन हेच. मात्र गोव्याच्या दमट हवेत सेल फुगतात, पाझरतात. अंगच्या बॅटरीचीही धमक दोन-तीन वर्षांत उतरते. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि चवथीला निघण्यापूर्वी एकदा प्लग उपटून पाहावा. पंप चालू झाला तरच त्याच्यावर भरवसा ठेवून दाराला कुलूप लावावे.

दुसरा मार्ग, मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा दीड-दोन वॅटचा लहान पंप. तो स्वस्त आहे. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात. घट जाऊन पंचवीसेक हाती लागले तरी दीड वॅटचा पंप पंधरा-सोळा तास चालतो. दोन गोष्टी मात्र तपासून घ्याव्यात. काही पॉवर बँकांना एवढासा भार भारच वाटत नाही आणि त्या मिनिटाभरात आपोआप बंद पडतात. दुसरे, एकीकडून भरत असताना दुसरीकडून वीज देण्याची सोय सर्वांत नसते, आणि जेथे असते तेथेही बंद घरात पाच दिवस तशी जोडून ठेवणे आम्हांस पसंत नाही, ती तापते. घरी माणूस असताना हे साधन उत्तम.

संगणकाचा जुना यूपीएस पडून असेल तर तो जोडावा असे काही जण सुचवितात. त्यातली बॅटरी असते बहुधा १२ व्होल्ट, सात अँपिअर-तासांची, म्हणजे ८४ वॅट-तास. त्यातले पुष्कळसे यूपीएस स्वतःच खातो, आणि जुन्या बॅटरीत तेवढेही उरलेले नसते. शिवाय वीज गेल्यापासून तो जो टाहो फोडतो, त्याने मध्यरात्री घर जागे होते. यासाठी म्हणून नवा यूपीएस घेणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. सोसायटीच्या जनित्रावर भिस्त ठेवणाऱ्यांनी ते फ्लॅटना वीज देते की केवळ लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना, हे विचारून घ्यावे. पेट्रोलचे लहान जनित्र तर घरात, बाल्कनीत किंवा बंद व्हरांड्यात लावूच नये. त्याचा धूर माशांच्या आधी माणसांना मारील.

पंप कोणताही असो, तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. पेटीच्या खालच्या कपाटात ठेवलेला पंप वीज जाताच थांबतो, तेव्हा नळीतून पाणी उलटे खाली उतरू लागते, पंपात शिरते आणि मग कपाटात आणि जमिनीवर पसरते. उंच जागा नसेल तर नळीत एकतर्फी झडप बसवावी. ती अगदी किरकोळ किमतीला मिळते. पेटीकडून सॉकेटकडे जाणारी वायर मध्ये खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडेल, प्लगमध्ये जाणार नाही.

आणि घरी माणूस असेल तर यांपैकी काहीही नसले तरी चालते. तांब्याभर पाणी पेटीतून घ्यावे आणि वीतभर उंचीवरून परत तीत ओतावे. दहा-बारा वेळा असे करून थोडा विसावा घ्यावा, मासे वर तोंड काढू लागले की पुन्हा ओतावे. हा घरगुती तोडगा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. बंगालमध्ये मत्स्यबीजाचा व्यापार करणारे लोक माशांची पिल्ले हंडीत भरून दूरदूर नेत आणि वाटेत ती हंडी हाताने सारखी हालवीत, हिंदकळीत राहत. हात थांबला की माल गेला. आमच्या शाळेत मुलांना हा धडा शिकविताना आम्ही हंडीची गोष्ट सांगतो, आणि मग ती प्राणवायूची आकडेमोड न कुरकुरता करतात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अनेक ठिकाणी वीज लवकर आलीच नाही. तशा प्रसंगी बॅटऱ्या संपतात आणि तांब्याच उरतो.

उत्तरेकडील वाचकांची, विशेषतः ग्वाल्हेर, दिल्लीकडच्या मंडळींची चिंता वेगळी असते. हिवाळ्यात हीटर बंद पडला तर मासे गारठतील काय? हीटर ५० वॅटपासून दोनशे वॅटपर्यंत वीज खातो; त्याला बॅटरीवर पोसणे परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. पाणी सावकाश निवते. चार फुटी पेटी दोन-तीन तासांत फारशी थंड होत नाही. तिच्याभोवती घोंगडी किंवा जुनी रजई गुंडाळावी, वरची बाजू मात्र हवेसाठी थोडी मोकळी ठेवावी. निवत्या पाण्यात प्राणवायू अधिक मावतो, तेवढा फायदा पदरात पडतो. लहान पेटीवाल्यांनी अधिक लक्ष ठेवावे, कारण लहान पाणी लवकर निवते.

राहता राहिली वीज परत येण्याची घडी. लोक समजतात की आता संकट टळले. पेटीच्या आत किंवा काठावर लावलेली साधी गाळणी असेल तर ती पुन्हा पाणी ओढू लागली की नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले. कधी कधी तीत हवा अडकते आणि मोटर नुसती घरघरत राहते. पेटीच्या खाली ठेवलेली बंद डब्याची गाळणी असेल तर गोष्ट वेगळी. त्या डब्यात पाणी शुद्ध करणारे जिवाणू लाखोंनी राहतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी वाहायचे थांबले की डब्यातला प्राणवायू ते काही तासांत संपवितात, मग स्वतः मरू लागतात आणि आत सडका, कुजक्या अंड्यासारखा वास धरतो. वीज येताच मोटर ते सगळे पाणी एका दमात पेटीत ढकलते. म्हणून वीज तासाभरात आली तर काही करू नये. चार-पाच तासांहून अधिक गेली असेल तर ती येण्यापूर्वीच त्या गाळणीचा प्लग काढून ठेवावा. नंतर डबा उघडून आतले पाणी फेकावे, स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळून घ्यावा. नळाखाली धुऊ नये, क्लोरिनने उरलेसुरले जिवाणूही जातील. मग ती सुरू करावी, आणि दोन दिवस माशांना नेहमीच्या निम्मेच खाद्य घालावे.